शेवटच्या वर्षापासून पहिल्या नोकरीपर्यंत: कामाची शिस्त कॉलेजातच कशी लावून घ्यावी

पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांची बहुतेक तयारी मुलाखतीपाशी येऊन थांबते. अ‍ॅप्टिट्यूडचे पेपर सोडवून होतात, ग्रुप डिस्कशनचा सराव होतो, रेझ्युमे चार जणांच्या नजरेखालून जातो. परंतु रुजू झाल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत कसे वागायचे, कसे लिहायचे, अडचण कोणाला आणि केव्हा सांगायची, याची तयारी फारशी कोणी करून घेत नाही. वास्तविक तिच्या सरावासाठी लागणारे सारे प्रसंग, म्हणजे सबमिशन, ग्रुप प्रोजेक्ट, व्हायवा आणि कॉलेजच्या कार्यालयातले अर्ज, विद्यार्थ्यांसमोर रोज येत असतात, आणि तेथे चूक झाली तरी तिची किंमत कमी मोजावी लागते.

कॉलेज आणि कार्यालय यांतला खरा फरक असा आहे. कॉलेजात तुमचे जर्नल दोन दिवस उशिरा तपासायला गेले, तर टर्म वर्कचे गुण तुमचे एकट्याचे जातात. कार्यालयात तुमच्या कामावर पुढच्या माणसाचे काम अवलंबून असते: तुम्ही दुपारपर्यंत आकडे दिले नाहीत, तर संध्याकाळी ग्राहकाला पाठवायचा अहवाल अडतो, आणि त्या उशिराचा जाब तुमच्या वरिष्ठांना द्यावा लागतो. त्यामुळे दिलेली तारीख पाळणे, आणि ती पाळता येणार नाही असे दिसताच, तारीख उलटण्याआधी, समोरच्याला कळवणे, हा माझ्या मते व्यावसायिक वागण्याचा गाभा आहे. इस्त्रीचे कपडे आणि सफाईदार इंग्रजी यांचे स्थान त्यानंतरचे.

तारीख द्यावी आणि पाळावी

सबमिशनच्या आदल्या रात्री जागून दहा प्रॅक्टिकल उतरवून काढण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतच नाही. ही सवय मोडण्याचा साधा उपाय असा: प्रत्येक सबमिशनसाठी स्वतःची तारीख कॉलेजच्या तारखेच्या तीन दिवस आधीची धरावी, आणि ती वहीत लिहिताना त्या कामात आपल्याला दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागणार आहे का, हेही शेजारी लिहावे. सरांची सही, प्रयोगशाळेतील मशीन, मित्राकडची नोंदवही, झेरॉक्सच्या दुकानातले बाइंडिंग, अशा गोष्टींनीच बहुतेक कामे अडतात, आणि आपण मात्र फक्त स्वतःला लागणारा वेळ मोजत असतो. कार्यालयातही नवख्या माणसाचा अंदाज चुकतो तो बहुधा येथेच.

तारीख चुकणार असे दिसले, तर काय सांगावे याचेही एक शास्त्र आहे. «सर, थोडा प्रॉब्लेम झाला, उद्या देतो» या निरोपातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: «सर, प्रोजेक्टचे तिसरे प्रकरण शुक्रवारी देण्याचे ठरले होते. सर्वेक्षणाच्या ६० पैकी ४२ प्रश्नावल्या परत आल्या आहेत. उरलेल्या सोमवारपर्यंत येतील. त्यामुळे प्रकरण बुधवारी सकाळी देऊ शकेन. शुक्रवारीच हवे असल्यास ४२ उत्तरांवर आधारलेला मसुदा देता येईल. आपण सांगाल तसे करतो.» या निरोपात काय ठरले होते, काय झाले, कशामुळे अडले, नवी तारीख कोणती आणि दुसरा मार्ग कोणता, हे सारे आले आहे. हाच मजकूर, शब्द थोडे बदलून, पुढे वरिष्ठांना आणि ग्राहकांना पाठवता येतो. कोणताही चांगला वरिष्ठ असा निरोप वेळेवर आला तर रागावत नाही. तारीख उलटून गेल्यावर त्यालाच फोन करून विचारावे लागले, तर मात्र तो पुढच्या वेळी ते काम दुसऱ्याला देतो.

हजेरीचाही येथेच विचार करावा. ७५ टक्क्यांचा नियम हा डिफॉल्टर यादीतून सुटण्याचा हिशेब म्हणून पाहिला, की मित्राकडून प्रॉक्सी लावून घेणे क्षुल्लक वाटू लागते. परंतु नोकरीत दुसऱ्याचे कार्ड पंच करणे किंवा खोटी हजेरी मांडणे हा गैरवर्तनाचा प्रकार ठरतो आणि त्यावरून नोकरी जाऊ शकते. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी आधी कळवण्याची सवय कॉलेजातच लावून घ्यावी, मग तेथे कोणी विचारणारे असो वा नसो.

ग्रुप प्रोजेक्ट: सगळ्यात चांगली शाळा

चार जणांच्या गटात एकाने सगळे काम करायचे, दुसऱ्याने टायपिंग करायचे आणि उरलेल्या दोघांची नावे ब्लॅक बुकवर, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधलेल्या अहवालावर, यायची, हे चित्र बहुतेक कॉलेजांत दिसते. जो सगळे करतो त्याला वाटते की आपण शिकलो. पण कामाची वाटणी करणे, दुसऱ्याकडून काम करून घेणे आणि ते वेळेत न झाल्यास स्पष्ट बोलणे, या नोकरीत सर्वाधिक लागणाऱ्या गोष्टी त्याच्याही हातून निसटतात.

पहिल्याच आठवड्यात गटाने एक पान लिहावे आणि ते सर्वांनी वाचावे. कोणी काय करायचे, ते कधीपर्यंत, आणि झाले की ते कोणाच्या हाती द्यायचे, एवढे तीनच रकाने पुरतात. तिसरा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण मी केलेले सर्किट किंवा मी गोळा केलेली माहिती पुढे कोण वापरणार हे ठाऊक असले, की ती कोणत्या स्वरूपात द्यायची हेही आपोआप ठरते. गाइडबरोबरच्या दर आठवड्याच्या भेटीनंतर त्यांनी काय सुचवले आणि कोणी काय मान्य केले, हे चार ओळींत लिहून त्याच दिवशी सर्वांना पाठवावे. हे काम कोणा एकाकडे कायमचे न सोपवता आळीपाळीने करावे. बैठकीचे टिपण नेमके लिहिता येणारा नवा माणूस कार्यालयात लवकर नजरेत भरतो.

फाइलींच्या नावांकडेही लक्ष द्यावे. «फायनल», «फायनल नवीन», «फायनल खरे» अशा नावांच्या पाच फाइली एकाच ग्रुपवर फिरत असतील, तर व्हायवाच्या दिवशी चुकीची प्रत छापली जाण्याची शक्यता बरीच असते. प्रकल्पाचे नाव, भाग, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक एवढे फाइलीच्या नावात असावे, आणि मूळ प्रत एकाच सामायिक फोल्डरमध्ये राहावी.

गटातला एक जण काम करत नसेल, तर त्याच्या पाठीमागे तक्रार करण्याआधी त्याच्याशी समोरासमोर बोलावे. त्याचा भाग कोणता ठरला होता, तो कधी द्यायचा होता आणि न आल्यामुळे कोणाचे काम थांबले आहे, इतकेच सांगावे. «तू नेहमीच असा» हे वाक्य टाळावे. त्यानंतरही फरक पडला नाही, तर गाइडना त्याच्या उपस्थितीत सांगावे. मित्राला हे सांगणे जड जाते, हे खरे आहे. परंतु आपल्या माणसाला कामाविषयी स्पष्ट आणि सभ्यपणे बोलण्याचा सराव वयाच्या एकविसाव्या वर्षी झाला नाही, तर पुढे सहकाऱ्यांशी एकतर अबोला होतो किंवा भांडण होते.

सरांना पत्र, कार्यालयाला अर्ज

शिफारसपत्र हवे असेल तर प्राध्यापकांना रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर «सर, अर्जंट एलओआर पाहिजे» असे पाठवू नये. नावाचा सरळ ईमेल पत्ता तयार करावा, विषयाच्या ओळीत कामाचे नाव आणि तारीख द्यावी, आणि पत्रात आपले पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, पत्र कशासाठी हवे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. सोबत आपला रेझ्युमे आणि त्या प्राध्यापकांकडे केलेल्या कामाच्या तीन-चार ओळी जोडाव्यात, कारण शंभर विद्यार्थ्यांतून तुमचा प्रोजेक्ट त्यांना आठवेलच असे नाही. किमान दोन आठवड्यांची मुदत द्यावी. पत्र मिळाल्यावर आभार मानावेत आणि निवड झाली की नाही तेही कळवावे. ही दुसरी गोष्ट फार थोडे विद्यार्थी करतात.

बोनाफाइड, ट्रान्सफर सर्टिफिकेट किंवा ट्रान्सक्रिप्ट यांसाठी कॉलेजच्या कार्यालयात जाताना भरलेला अर्ज, फीची पावती आणि ओळखपत्राची प्रत बरोबर न्यावी, खिडकीवरच्या क्लार्कना नमस्कार करून आपले काम एका वाक्यात सांगावे आणि अर्जाची पोच घ्यावी. पुढे प्रत्येक कार्यालयात लेखा विभाग, मनुष्यबळ विभाग आणि सुरक्षारक्षक यांच्यावाचून कोणाचेच काम होत नाही. त्यांच्याशी आदराने बोलण्याची रीत येथूनच सुरू होते.

ऑन जॉब ट्रेनिंग केवळ शिक्क्यापुरते करू नये

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणि इंटर्नशिप यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्याबरोबर एक वाईट प्रथाही वाढते आहे: ओळखीच्या दुकानाचा किंवा काकांच्या फर्मचा शिक्का आणून काम केल्याचे प्रमाणपत्र सादर करायचे आणि तेवढे दिवस घरी काढायचे. हा खोटेपणा आहे, आणि त्याचा तोटा मुलाखतीत लगेच उघड होतो, कारण «तेथे तुम्ही रोज काय करत होता?» या प्रश्नाला उत्तर नसते. ओळखीचे दुकान चालेल, पण तेथे खरोखर जावे. वाण्याच्या दुकानात महिनाभर बसून मालाची आवक-जावक, उधारीची वही आणि जीएसटीची बिले समजून घेणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मुलाखतीत मोठ्या कंपनीचे कोरे प्रमाणपत्र आणणाऱ्यापेक्षा नक्कीच अधिक बोलू शकेल.

ज्यांना पदवीनंतर लगेच नोकरी मिळत नाही त्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मिळणाऱ्या अ‍ॅप्रेंटिसशिपचा विचार करावा. तिच्यात विद्यावेतन मिळते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी उत्तीर्णांसाठी ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरवले होते. अशा कोणत्याही योजनेत अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम पाहावेत. रोज केलेल्या कामाची एक-दोन ओळींची नोंद तारखेसह ठेवावी. रेझ्युमे लिहिताना तिच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

कागदपत्रे आणि नावांचा घोळ

आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि त्यानंतर आईचे नाव येते; आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी असते, आणि पॅन कार्डावर कधी वडिलांचे नाव पूर्ण असते तर कधी गळलेले असते. त्यातच इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे असले, उदाहरणार्थ «दीपक» एका ठिकाणी दोन «ई»ने आणि दुसऱ्या ठिकाणी «आय»ने लिहिलेले असले, तर रुजू होताना भविष्य निर्वाह निधीचे खाते आणि बँकेची केवायसी यांत खोळंबा होतो. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच आधार, पॅन, दहावीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव बहुतेक ठिकाणी आधारभूत धरले जाते, म्हणून शक्यतो बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवून घ्यावीत. नाव खरोखरच बदलायचे असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते आणि तिला वेळ लागतो.

सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि ओळखपत्रे स्कॅन करून स्पष्ट नावांच्या फाइलींत ठेवावीत आणि डिजिलॉकरचे खाते उघडावे. केटी लागलेली असेल, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्गात गेला असाल, तर ती लपवू नये. कंपन्या रुजू होताना पार्श्वभूमीची पडताळणी करतात, आणि केटीमुळे जितकी नोकरी जात नाही तितकी लपवाछपवीमुळे जाते. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, पण कोणाकडे ठेवून येऊ नयेत. आणि नोकरी देण्यासाठी जो डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी आगाऊ मागतो, त्याच्याकडे पुन्हा फिरकू नये.

ऑफर लेटरमधला पगार आणि हातात येणारा पगार

समजा, ऑफर लेटरवर वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ३,६०,००० रुपये आहे. घरी सगळ्यांना सांगितले जाते की महिना तीस हजार मिळणार. आता हिशेब पाहावा. मूळ वेतन महिना १५,००० असेल, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के वाटा, म्हणजे १,८०० रुपये, त्या तीस हजारांतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये, हीसुद्धा बहुधा त्यातच असते. वर्षाला २४,००० रुपये कामगिरीवर मिळणारे असतील, तर महिन्याचे २,००० आणखी वजा करावेत. उरलेल्या सुमारे २५,४८० रुपयांतून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, वर्षाला एकूण २,५००) कापला, की हातात सुमारे २३,४८० रुपये येतात. पुण्यात किंवा नवी मुंबईत खोलीचे भाडे, त्यासाठीचे डिपॉझिट, मेसचा डबा आणि प्रवास यांचा अंदाज या आकड्यावर बांधावा. पहिला पगार महिनाभर काम केल्यावरच मिळतो, म्हणून पहिल्या दीड महिन्याच्या खर्चाची सोय आधी करून ठेवावी.

त्याच पत्रात प्रोबेशनचा (कायम करण्यापूर्वी काम पारखण्याचा) काळ, नोटीस पीरियड, कामाचे ठिकाण, शिफ्ट आणि बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) यांविषयीची कलमे असतात. बॉण्ड असल्यास किती वर्षांचा, किती रकमेचा आणि ती रक्कम कशाच्या बदल्यात, हे वाचून, न समजल्यास मनुष्यबळ विभागाला ईमेलवर विचारून, मगच सही करावी. पहिल्या नोकरीत मिळणारा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, आयुष्यभर तोच राहतो. दुसरीकडे गेल्यावर नवा न काढता हाच द्यायचा असतो.

कॅम्पसमधून ऑफर स्वीकारली आणि नंतर दुसरीकडे जायचे ठरले, तर रुजू होण्याच्या दिवशी गप्प राहून फोन बंद ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. कंपनीला आणि टीपीओंना (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना) त्वरित लेखी कळवावे, कारण तुमच्या वागण्यावरून पुढच्या वर्षी ती कंपनी त्या कॉलेजात येणार की नाही हे ठरू शकते, आणि त्याचा भुर्दंड ज्युनिअर मुलांना पडतो.

पहिले तीन महिने

एक वही घ्यावी आणि सांगितलेले काम तिच्यात लिहावे. काम समजल्यावर ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे: «म्हणजे मी जानेवारी ते मार्चची बिले तपासून, ज्यांत तफावत आहे तेवढ्यांची यादी गुरुवारी दुपारपर्यंत द्यायची, बरोबर?» वर्गात न समजता मान डोलावण्याची आपल्याला सवय असते, कारण शंका विचारली तर मुले हसतील ही भीती असते. कार्यालयात न विचारता केलेले चुकीचे काम दोन दिवसांनी परत येते, आणि तेव्हा दोघांचेही दिवस वाया गेलेले असतात. विचारण्यापूर्वी अर्धा तास स्वतः शोधावे, आणि विचारताना काय काय करून पाहिले ते सांगावे. एवढे केले की प्रश्न विचारणारा माणूस आळशी वाटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. छोटी, सरळ वाक्ये बोलावीत, आणि महत्त्वाचे बोलणे झाल्यावर त्याचा सारांश ईमेलने पाठवावा, म्हणजे बोलताना राहिलेले लिहिताना भरून निघते.

वरिष्ठांना नावाने हाक मारायची की सर-मॅडम म्हणायचे, हे त्या कार्यालयाची रीत पाहून ठरवावे. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत बहुधा नावाने बोलावतात, तर सरकारी कार्यालयांत आणि अनेक कारखान्यांत साहेब किंवा सर म्हणण्याची पद्धत आहे. गणपतीसाठी गावी जायचे असेल तर रजा महिनाभर आधी मागावी, आणि रजेवर जाताना आपले कोणते काम कोणाकडे दिले आहे हे लिहून जावे. चूक झाली तर ती दुसऱ्याने शोधण्याआधी स्वतः सांगावी. कंपनीची किंवा ग्राहकाची माहिती स्वतःच्या मेलवर, मित्रांच्या ग्रुपवर किंवा परवानगीशिवाय कोणत्याही एआय साधनात टाकू नये, कारण कॉलेजात नोट्स फिरवण्याची सवय येथे थेट कराराचा भंग ठरते.

व्यावसायिक वागणे म्हणजे सगळे सोसणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तिचे संरक्षण प्रशिक्षणार्थी मुलींनाही आहे, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. रुजू होताच या समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत, ते पाहून ठेवावे.

प्रोबेशन संपण्याच्या पंधरा दिवस आधी केलेल्या कामांची एका पानाची नोंद तयार करून वरिष्ठांकडे वेळ मागावा, आणि काय सुधारायला हवे ते विचारून लिहून घ्यावे. ही नोकरी आपल्यासाठी नाही असे वर्षभराने ठरले, तर राजीनामा लेखी द्यावा, नोटीस पीरियड पूर्ण करावा, हातातली कामे, पासवर्ड आणि फाइली कोणाकडे सोपवल्या याची यादी करून त्यावर सही घ्यावी, आणि रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे प्रमाणपत्र व शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हातात आल्याशिवाय कार्यालयाचा ईमेल बंद होऊ देऊ नये.